जनगणनेची जिल्हा पुस्तिका: गावाचे आकडे घेण्याआधी

गावात किती माणसं राहतात आणि ती पोटापाण्यासाठी काय करतात, या दोन्हींचं उत्तर गावाच्या नावानिशी देणारं प्रकाशन आपल्याकडे एकच आहे: जनगणनेची जिल्हा पुस्तिका. 1951 च्या जनगणनेपासून ती जिल्ह्याजिल्ह्याची निघते. सध्या हाताशी असलेली आवृत्ती 2011 ची. किंमत शून्य, जनगणना आयुक्तांच्या संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवून घ्यायची. विकास आराखडा करणारी ग्रामपंचायत, भूगोलाचा प्रकल्प हातात पडलेला विद्यार्थी, बातमीदार, गावात दूध संकलन केंद्र टाकू पाहणारा माणूस, कधी ना कधी सगळ्यांना तिच्याकडे यावं लागतं. यातले बरेच जण एक आकडा उचलतात, भलत्याच आकड्याने भागतात आणि निघून जातात.

मत आधीच सांगून टाकलेलं बरं. डोकी मोजण्यात ही पुस्तिका भक्कम आहे, काम मोजण्यात डळमळीत. पण ती कुठल्या बाजूला कलते हे माहीत असेल, तर कामाचे रकानेही नीट वापरता येतात.

पुस्तिका दोन भागांत येते. भाग अ म्हणजे गावांची आणि शहरांची निर्देशिका: क्षेत्रफळ हेक्टरमध्ये, शाळा, दवाखाना, पिण्याचं पाणी, बँक, एसटी, शेतीला आणि घरांना किती तास वीज, जमिनीचा वापर. भाग ब म्हणजे प्राथमिक जनगणना गोषवारा: घरं, स्त्री-पुरुष, 0 ते 6 वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, आणि मग कामाचे रकाने. भाग अ मधली एक गोष्ट खटकते. गावात सोय नसेल तर जवळची सोय किती लांब आहे ते किलोमीटरमध्ये न देता अक्षरात दिलंय: ए म्हणजे 5 किलोमीटरच्या आत, बी म्हणजे 5 ते 10, सी म्हणजे 10 च्या पुढे. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावाला हे चालून जातं. मेळघाटात किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरात दवाखाना 11 किलोमीटरवर आहे की 40, हाच तर प्रश्न असतो, आणि तिथे पुस्तिका ‘सी’ म्हणून मोकळी होते.

गाव शोधणं हे पहिलं काम आणि पहिली अडचण. पुस्तिका इंग्रजीत आहे, आणि गोषवाऱ्यात गावं अकारविल्हे नसून संकेतांकाच्या क्रमाने येतात. म्हणून आधी भाग अ मध्ये आपल्या तालुक्याची वर्णानुक्रमे यादी काढावी, गावासमोरचा सहा आकडी संकेतांक कागदावर लिहून घ्यावा, आणि मग भाग ब मध्ये तो आकडा शोधावा. नावावर विसंबलं की घोळ ठरलेला. बुद्रुक आणि खुर्द शेजारी असतात आणि इंग्रजीत त्यांची ‘बीके’, ‘केएच’ अशी दोन-दोन अक्षरं होतात. घाईत एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर चढतो. ‘तर्फ’ लागलेल्या गावांचंही तेच. जिल्हासुद्धा 2011 चाच धरायचा. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला, म्हणून जव्हार, मोखाडा, डहाणूची गावं ठाण्याच्या पुस्तिकेत सापडतील. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर जुन्या नावांनी शोधावेत.

गाव म्हणजे काय, हेही एकदा पक्कं करून घ्यावं. जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव. वाड्या, वस्त्या, पाडे, तांडे त्याच्याच पोटात मोजलेले असतात. त्यांचा वेगळा आकडा इथे मिळणार नाही. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतील तर ती आपली आपण मिळवायची. उलट मोठं गाव यादीत सापडतच नसेल तर ते शहरांच्या यादीत बघावं. लोकसंख्या किमान 5,000, वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलेल्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर आणि घनता चौरस किलोमीटरला किमान 400, या तिन्ही अटी बसल्या की जनगणना त्या गावाला शहर म्हणते, कारभार ग्रामपंचायतीचा असला तरीही. आणि लोकसंख्येच्या जागी शून्य दिसलं तर छपाईची चूक समजू नये. ते बेचिराग गाव असतं: शिवार आहे, सातबारे आहेत, राहायला कुणी नाही.

पीडीएफ नुसती वाचायला ठीक. हिशेब करायचा असेल तर त्याच संकेतस्थळावरची गोषवाऱ्याची एक्सेल फाईल घ्यावी, कारण मुख्य (वर्षात सहा महिने किंवा जास्त) आणि सीमांतिक (त्याहून कमी) काम करणाऱ्यांची फोड तिच्यात पूर्ण मिळते. पण या फाईलमध्ये जिल्हा, तालुका आणि गाव अशा सगळ्या पातळ्यांच्या ओळी एकाखाली एक असतात, शिवाय एकूण, ग्रामीण आणि शहरी अशा वेगळ्या. सगळा रकाना एकदम बेरजेला टाकला की तीच माणसं तीन-चारदा मोजली जातात. आधी पातळीच्या रकान्याला चाळणी लावून फक्त ‘गाव’ ठेवायचं, मग बेरीज करायची, आणि ती तालुक्याच्या ग्रामीण ओळीशी जुळते का ते बघायचं. जुळली नाही तर पुढे जाऊ नये.

आता भागाकार. समजा एका गावाची लोकसंख्या 1,840 आहे, त्यात 0 ते 6 वयाची 210 मुलं, आणि साक्षर 1,206. पुष्कळ अहवालांत 1,206 भागिले 1,840 करून 65.5 टक्के साक्षरता छापलेली दिसते. ते चूक. सहा वर्षांपर्यंतचं मूल शाळेत जात असलं तरी जनगणना त्याला साक्षर धरत नाही, म्हणून भाजकातूनही ती मुलं काढायची: 1,206 भागिले 1,630, म्हणजे 74 टक्के. एका वजाबाकीने गाव साडेआठ टक्क्यांनी शिकलेलं होतं.

मुलींचं प्रमाण गावपातळीवर काढू नये, निदान त्यावरून गावाला बोल लावू नये. 55 मुलगे आणि 41 मुली असल्या तर हजारी प्रमाण 745 येतं. चारच मुली वाढल्या की तेच 818 होतं. बीड जिल्ह्याचं 2011 चं 807 हे प्रमाण मात्र गंभीर आहे, कारण त्यामागे लाखांतली मुलं आहेत.

कामाचे रकाने हा या पुस्तिकेचा खरा माल. गेल्या वर्षभरात सहा महिने किंवा जास्त काम केलं तो मुख्य काम करणारा, त्याहून कमी केलं तो सीमांतिक, अजिबात नाही केलं तो काम न करणारा. सीमांतिकांचे 2011 पासून आणखी दोन तुकडे केले: 3 ते 6 महिने आणि 3 महिन्यांहून कमी. प्रत्येक गटात पुन्हा चार खण: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर.

त्याच मानलेल्या गावाचे आकडे पुढे चालवू. काम करणारे 1,010. पैकी मुख्य 790, सीमांतिक 220. मुख्यांमध्ये शेतकरी 352, शेतमजूर 328, घरगुती उद्योग 14, इतर 96. एवढंच बघितलं तर हे शेतकऱ्यांचं गाव. आता सीमांतिक बघा: शेतकरी 61, शेतमजूर 138, घरगुती उद्योग 5, इतर 16. दोन्ही मिळवले की शेतकरी 413 आणि शेतमजूर 466. गाव मजुरांचं झालं. फाईलमधला मुख्य शेतकऱ्यांचा रकाना आधी येतो आणि सीमांतिकांचा बराच उजवीकडे, म्हणून अर्धे लोक पहिल्यावरच थांबतात. कोरडवाहू गावात असं थांबणं महागात पडतं, कारण तिथे खरिपाच्या निंदणी-काढणीपलीकडे मजुरीच नसते आणि मजूर, विशेषतः बायका, सीमांतिकांत जाऊन बसतात. देशपातळीवर 2011 मध्ये शेतकरी 11.88 कोटी आणि शेतमजूर 14.43 कोटी निघाले, तेही मुख्य आणि सीमांतिक एकत्र धरूनच.

शेतकरी कुणाला म्हणायचं, याची व्याख्या सातबाऱ्याशी जोडलेली नाही. स्वतःची, सरकारकडून मिळालेली, खंडाने किंवा वाट्याने घेतलेली जमीन जो कसतो किंवा कसण्यावर देखरेख करतो तो शेतकरी. सातबारा नावावर आहे पण जमीन दुसऱ्याला बटाईने देऊन मालक पुण्यात बसलाय, तर तो यात नाही. उलट सातबाऱ्यावर नाव नसलेली सून रोज रानात राबते, ती यात यायला हवी. दोन कामं करणाऱ्याला जास्त काळ ज्यात गेला त्या खणात टाकतात. एकरभर जमिनीचा धनी 100 दिवस स्वतःच्या रानात आणि 150 दिवस दुसऱ्याच्या बांधावर असेल तर तो मुख्य शेतमजूर. म्हणून या पुस्तिकेतल्या शेतमजुरांना सरसकट भूमिहीन म्हणू नये. भूमिहीन किती, हे ती सांगतच नाही.

सगळ्यात फसवा खण ‘इतर’. शिक्षक, एसटीचा वाहक, गवंडी, किराणा दुकानदार, कारखान्यातला कामगार हे तर त्यात आहेतच. पण शेतीच्या व्याख्येतून चहा, कॉफी, रबर, नारळ आणि सुपारी ही लागवडीची पिकं वगळली आहेत. फळबागा आणि भाजीपाला मात्र शेतीत धरले आहेत. याचा अर्थ, आंब्याची बाग राखणारा शेतकरी आणि श्रीवर्धनला सुपारीची किंवा गोव्यात कुळागराची, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेची, मशागत करणारा ‘इतर’. मासेमारी, शेळ्या-मेंढ्या, जंगलातली कामंही ‘इतर’. त्यामुळे हर्णैसारख्या बंदरातल्या वस्तीत किंवा मेंढपाळांच्या गावात ‘इतर’ फुगलेलं दिसलं तर ‘शेतीबाहेरचा रोजगार वाढला, गाव पुढे गेलं’ असा निष्कर्ष काढणं हास्यास्पद ठरेल. 1991 मध्ये कामाचे नऊ खण होते आणि पशुपालन, मासेमारी, लागवडीची पिकं यांना स्वतःचा खण होता. 2001 पासून गोषवाऱ्यात चारच राहिले. जागा वाचली असेल, गाव ओळखणं अवघड झालं.

घरगुती उद्योगाचा खण बहुतेक गावांत दोन आकडी असतो आणि त्यावर फार वेळ घालवू नये. कुंभार, बुरूड, विडी वळणाऱ्या बायका असतील तिथेच तो बोलतो.

काळ हा या पुस्तिकेचा मोठा दोष, आणि तो वर्षाचा नाही, महिन्याचा आहे. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी या वीस दिवसांत झाली. 1 मार्चची मध्यरात्र हा संदर्भक्षण, आणि 5 मार्चपर्यंत फेरतपासणी. नियम असा की नेहमीचा रहिवासी या मुदतीत कधीतरी घरी असेल तर घरी मोजायचा. पूर्ण मुदत बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे. आता बीड जिल्ह्यातलं शिरूर कासार, पाटोदा किंवा शेजारचं पाथर्डी डोळ्यांसमोर आणा. मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. फेब्रुवारीत गळीत हंगाम भरात असतो. गावात घराला कुलूप, नाहीतर म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं. जोडपी मोजली गेली तर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या कारखान्यांभोवतीच्या कोप्यांमध्ये (तात्पुरत्या झोपड्यांत), तिथल्या गावांच्या नावावर.

परिणाम दोन्हीकडे होतो. पाठवणाऱ्या गावाची लोकसंख्या कमी दिसते, त्यातही कामाच्या वयाची माणसं आणि शेतमजूर कमी दिसतात, म्हाताऱ्यांचा वाटा वाढतो. घेणाऱ्या गावात शेतमजूर फुगतात. ऊसतोड्यांच्या गावाची पाण्याची टाकी, रेशनचा कोटा किंवा अंगणवाडी फक्त या आकड्यावर बेतली तर एप्रिल ते ऑक्टोबर ती कमीच पडणार. यावर साधा इलाज आहे: शेजारच्या न जाणाऱ्या गावाशी घरामागे माणसांचं प्रमाण ताडून बघायचं. एका गावात घरामागे 4.8 आणि दुसऱ्यात 3.6 असेल, तर दुसऱ्याच्या बाबतीत अंगणवाडीचं सर्वेक्षण रजिस्टर मागवावं. कुलूपबंद घरं यातही निसटतात, म्हणून रजिस्टर बघायचंच.

कोकणातलं स्थलांतर वेगळ्या जातीचं, आणि ते पुस्तिकेत नीट उमटतं. चाकरमानी वर्षभर मुंबईत असतो, म्हणून मुंबईतच मोजला जातो. इथे महिन्याचा गोंधळ नाही. 2001 ते 2011 मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 झाली, सिंधुदुर्गची 8,68,825 वरून 8,49,651. दोन्ही जिल्ह्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त. वाड्यांमधली बंद घरं बघणाऱ्याला हे आकडे नवे वाटणार नाहीत.

बायकांच्या कामाचा रकाना वाचताना प्रगणक आठवावा. एका प्रगणकाकडे साधारण सव्वाशे-दीडशे घरं, प्रत्येक घराला 29 प्रश्नांचा तक्ता, आणि बहुतेक प्रगणक प्राथमिक शिक्षक, शाळा सांभाळून फिरणारे. नियम चांगला आहे: घरच्या शेतात बिनपगारी राबणं हे काम, घरच्यापुरतं दूध काढणं हेही काम, स्वयंपाक, सरपण, पाणी भरणं मात्र काम नाही. दारात उत्तर देतो घरचा पुरुष. ‘बायको काय करते?’ ‘काही नाही, घरीच असते.’ पुढे दोन प्रश्न विचारले तर भांगलण, कापूस वेचणी आणि दोन म्हशी निघतात. नाही विचारले तर ती काम न करणाऱ्यांत गेली. म्हणून पीक तेच, पाऊस तोच, आणि शेजारच्या दोन गावांत काम करणाऱ्या बायकांच्या टक्केवारीत जमीन-अस्मानाचा फरक दिसला तर गावाची कारणं शोधण्याआधी मोजणीवर शंका घ्यावी. तालुक्याच्या बेरजेत हा दोष बराच विरतो. एकट्या गावात नाही.

एवढी जुनी वस्तू वापरायचीच कशाला? कारण कायदा आणि निधी अजून तिच्यावरच चालतात. ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या जनगणनेच्या लोकसंख्येवर ठरते: 1,500 पर्यंत 7 सदस्य, 3,000 पर्यंत 9, 4,500 पर्यंत 11, असं वाढत 7,500 च्या पुढे 17. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा त्याच गोषवाऱ्यातून निघतात. पंधराव्या वित्त आयोगानेही 2011 चीच लोकसंख्या धरली. गावात आज काहीही असो, कागदावर 2011 उभं आहे.

बाकीची साधनं पूरक म्हणून ठेवावीत, बदली म्हणून नव्हे. जमिनीची धारणा बघायची तर कृषी गणना. 2015-16 मध्ये महाराष्ट्राची सरासरी धारणा 1.34 हेक्टर होती. पण ती वहितीची धारणक्षेत्रं मोजते, माणसं नाही. जनावरांसाठी 2019 ची विसावी पशुगणना. पिकांसाठी ई-पीक पाहणी, राज्यभर 15 ऑगस्ट 2021 पासून. ती सातबाऱ्यावर बसते, म्हणून बटाईदार तिच्यात दिसत नाही, जो जनगणनेत दिसतो. मतदार यादीत मुलं नाहीत आणि मुंबईला गेलेली नावं वर्षानुवर्षं तशीच. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, घरं आहेत, माणसं नाहीत.

गुण द्यायचे तर गावनिहाय लोकसंख्येला पाचपैकी साडेचार, कामाच्या रकान्यांना तीन, अंतराच्या अक्षरांना दीड. मराठी आवृत्ती नाही याचा अर्धा गुण आणखी कापावा. ज्या ग्रामसेवकाने ती वापरायची त्याच्यासाठी ही अडचण लहान नाही.

नवी आवृत्ती येते आहे. 2021 ची जनगणना कोविडमुळे लांबली; 16 जून 2025 च्या अधिसूचनेने संदर्भक्षण 1 मार्च 2027 ठरला, आणि यावेळी जातही नोंदवायची आहे. म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच, कोयते फडात असतानाच. जुन्या फाईलमध्ये आपल्या तालुक्याचे सहा आकडी संकेतांक आणि देवनागरी नावं यांची जोडयादी आत्ताच करून ठेवावी. नव्या फाईलमध्ये एखाद्या नावाचं स्पेलिंग बदललं किंवा तालुकाच वेगळा झाला, तर जुनं-नवं जुळवताना ही यादी हाताशी लागेल. पाठवणाऱ्या गावांच्या ग्रामपंचायतींनी त्या फेब्रुवारीत कुलूपबंद घरांची, माणसांच्या संख्येसह, स्वतःची यादी करावी. पुढची टाकी मागताना पुस्तिकेच्या आकड्याशेजारी ती लावता येईल.